उजवी चप्पल जमा

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढं कुणाला जुने कागद काढायचा त्रास नको.

२००५ चा डिसेंबर. नेरच्या आमच्या कॉलेजात मी क्रीडा विभागाचा कंत्राटी कारकून होतो. त्या साली आमच्या विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पोचला, आणि संघाचे कोच म्हणून नेमणूक झाली आमच्याच कॉलेजच्या अतुल सरांची. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत लेडी मॅनेजर लागते. ती नसली तर संघ मैदानात उतरत नाही. या मॅनेजरचं नावही आमच्याच कॉलेजनं कळवायचं होतं आणि ते ठरलेलं होतं. साधना मॅडम, गृहअर्थशास्त्र. फॉर्मवर त्यांची सही तेवढी राहिली होती. शेवटच्या तारखेला मॅडम अकोल्याला भाचीच्या लग्नात, आणि पोस्टाची थैली चारला बंद होणार. पावणेचारला मी फॉर्म घेऊन सामानाच्या खोलीत उभा होतो. समोर विभागाची शिपाई धुरपताबाई ओल्या फडक्यानं बॉल पुसत बसली होती.

“मावशी, इथं सही करा.”

“कायची हाय?”

“तात्पुरती हाय.”

तिनं फडकं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर उभं करत, जिभेचं टोक दातात धरून सही केली. नावाच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं. हुद्द्याच्या रकान्यात ‘क्रीडा विभाग’ लिहिलं. ते काही खोटं नव्हतं. तिच्या फाईलमधला फोटो काढून डकवला. दुसऱ्या दिवशी ‘नावात बदल करावा’ असं पत्र पाठवायचं, एवढाच माझा बेत होता. पत्र मी लिहिलंही. ते मार्चमध्ये माझ्याच ड्रॉवरमध्ये सापडलं.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं मंजुरीचं पत्र आलं. खाली गोल शिक्का, वर ठळक अक्षरात : व्यवस्थापक (महिला), श्रीमती धुरपताबाई पंजाबराव मनवर.

अतुल सरांनी ते दोनदा वाचलं. मग विद्यापीठात फोन लावला. मग फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

“यादी पुढे ग्वाल्हेरले गेली म्हणते. आता बदल होत नाही. तुले कळते का बे, नॅशनल हाय ते! देशभरच्या प्रोफेसर बाया येतीन मॅनेजर म्हणून. त्याईच्यात हे जाऊन बसन?”

“सर, सही चांगली आहे त्यांची,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तू बी चाल. सारे कागद तू वागवजो. अन् बॅगा पण.”

साधना मॅडमनी ग्वाल्हेरच्या थंडीसाठी नवा स्वेटर विणून घेतला होता. त्या पुढचे तीन महिने माझ्याशी फक्त नोटिशीतून बोलल्या. सगळ्या कॉलेजात एकाच माणसाला यात काही नवल वाटलं नाही, ते म्हणजे खुद्द धुरपताबाई.

“म्या सही केली व्हती नं. सही केली म्हंजे जा लागते.”

आता हे प्रकरण काय होतं ते सांगतो. धुरपताबाई बाभुळगावची. लग्न होऊन नेरला आली. नवरा पंजाबराव जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर. ती चौऱ्याऐंशी साली कॉलेजात रोजंदारीवर लागली, पुढं कायम झाली, आणि एकवीस वर्षं त्या एकाच खोलीत बसली. खोलीत एक लोखंडी कपाट, सहा बास्केटबॉल, दोन जाळ्या, एक भाला आणि तिचं स्टूल. नियमही एकच. ज्याला सामान पाहिजे त्यानं उजव्या पायातली चप्पल जमा करायची. सामान परत, चप्पल परत.

प्राचार्यांनी एकदा सांगून पाहिलं, “धुरपताबाई, ओळखपत्र ठेवून घेत जा.”

“ओळखपत्र नसलं तरी पोट्टी घरी जाते, सर. एका चपलेवर जाते का?”

रोज संध्याकाळी तिच्या स्टुलाखाली उजव्या चपलांची रांग असायची आणि दाराबाहेर डाव्यांची. स्नेहसंमेलनाला आलेल्या एका पाहुण्यांना फोटोपुरता बॉल हवा होता. त्यांना चकचकीत उजवा बूट काढायला लागला. पाहुणे हसले, प्राचार्य हसले नाहीत. मी स्वतः सायकलीत हवा भरायला पंप मागितला तेव्हा तिनं माझ्या पायांकडं बोट केलं.

“मावशी, मी याच विभागाचा कारकून आहे हो.”

“म्हून तं कागद लिहून नाई मांगून राह्यली. चप्पल दे.”

एकवीस वर्षांत एक बॉल हरवला नाही. फाटलेल्या बॉलचं कातडंसुद्धा कपाटात तारीख घालून ठेवलेलं. अशा माणसावर चिडता येतं. चूक दाखवता येत नाही. त्यानं जास्तच चिडायला होतं.

आमच्या कॉलेजचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. बॉल टप्पा घेतो पण परत कुठं येईल ते त्यालाच माहीत. म्हणून बास्केटबॉलचे दोन खांब भिंतीपलीकडच्या कापूस खरेदी केंद्राच्या सिमेंटच्या आवारात रोवलेले होते. तिथं खेळ चालायचा, पण दिवाळीपर्यंतच. दिवाळीनंतर आवार कापसाचं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, छातीभर उंचीच्या गंज्या, त्यावर झोपलेली माणसं. खांबांची रिंगं तेवढी पांढऱ्या ढिगातून वर दिसायची. सगळ्या स्पर्धा नेमक्या हिवाळ्यात. त्यामुळं आमच्या पोरी वर्षानुवर्षं सरावाशिवाय जायच्या आणि पहिल्या फेरीत परत यायच्या. अतुल सरांची बॅग तर उघडलेलीच नसायची.

त्या वर्षी गाड्या आल्या नाहीत. भाव पडलेला, केंद्र उघडायला इतका उशीर की गावोगावचा कापूस व्यापाऱ्यांच्या गाड्यांत भरून गेला, मिळेल त्या भावात. जिनिंग बंद, पंजाबराव घरी रेडिओपाशी. चहाच्या टपरीवर माणसं बसायची, पण बोलायची नाहीत. आणि त्या रिकाम्या आवारात धुरपताबाई सकाळी सहाला चुन्याच्या रेषा मारायची. नोव्हेंबर, डिसेंबर, रोज.

“पाह्य बाबू, कशा खेळून राह्यल्या पोट्ट्या,” ती एकदा मला म्हणाली. मग फक्कीचा डबा खाली ठेवून, “मले बरं वाटते. अन् बरं वाटते याची लाज बी वाटते.”

सगळ्यात जास्त खेळायची बबिता. बबिता रूपसिंग राठोड, बी.ए. शेवटचं वर्ष, चार किलोमीटरवरच्या तांड्यावरून पायी यायची. अंगानं तुराटी, पाय मात्र बापाचे. नऊ नंबर. बायकांच्या बुटात तो पाय मावायचा नाही म्हणून नेरच्या बाजारातला मर्दानी जोड घालायची. सिमेंटनं त्याचे तळवे खाल्ले की सायकलवाल्याकडून सोल्युशननं चिकटवून आणायची. अमरावतीच्या निवड चाचणीत ती विद्यापीठाच्या बाराजणींत बारावी आली. बाकी अकरा मोठ्या शहरांतल्या, बुटांना नाव असलेल्या.

बबिताला पोलीस व्हायचं होतं. भरतीत खेळाडूंच्या जागा असतात, त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, असं अतुल सर सांगायचे. सामन्याच्या गुणपत्रकाची झेरॉक्स मागतात. त्या पत्रकात बदली खेळाडू मैदानात उतरली की तिच्या नावापुढं एक बारकी फुली पडते. फुली नसली तर समजायचं, पोरगी ग्वाल्हेरचा किल्ला पाहून आली. हे खरं किती आणि सरांचं किती, मला ठाऊक नाही. पण आम्ही सगळे ते धरून चाललो होतो. बबिता तर पक्कीच. कारण घरी तिच्या बापानं, रूपसिंगनं, सांगून ठेवलं होतं की नोकरीचं काही दिसलं नाही तर होळीला पाहुणे पाहायला येतील.

म्हणजे सगळा हिशेब एका फुलीवर आला होता. हे मी धुरपताबाईला समजावून सांगितलं. माझी दुसरी चूक.

निघायच्या चार दिवस आधी आम्ही दोघं परवानगी घ्यायला तांड्यावर गेलो. रूपसिंग बाजेवर बसला होता. वेचणी अर्धी बाकी होती, आणि ते त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग म्हणाला,

“धा दिवस पोरगी परमुलखात. संग कोन हाय?”

“मी हाय,” धुरपताबाई म्हणाली.

“तुमी बॉल देता तवा चप्पल ठेवून घेता म्हन्ते बबिता.”

“हो.”

“मंग मी तं पोरगी देऊन राह्यलो. मले काय ठेवता?”

तो मजेत होता. मीही हसलो. दारात उभी बबिता तोंडावर ओढणी धरून हसली. धुरपताबाईनं उजवी चप्पल काढली, वाकून उंबऱ्याच्या आत ठेवली आणि सरळ उभी राहिली.

“धा दिवसानं नेईन.”

“अरे याडी, माही माय, मस्करी केली म्या! घाला वो ते चप्पल.”

“मस्करीत पोरगी देता का तुमी?”

रूपसिंगचं हसू गेलं. तो चपलेकडं बघत राहिला, मग आत वळून म्हणाला, “बबिता, कपडे भर.”

तांड्यापासून एसटीच्या फाट्यापर्यंत दीड किलोमीटर नुसती गिट्टी. धुरपताबाई एका चपलेवर चालत होती. मी वैतागून माझ्या काढल्या.

“मावशी, ह्या घाला. लोक बघताहेत.”

“तुही घेतली तं तुले काय ठेवू?”

ग्वाल्हेरला ती पंजाबरावांच्या खाकी बुटात आली. पांढरं लुगडं, वरून विद्यापीठाचा निळा कोट (तो साधना मॅडमच्या मापाचा, म्हणजे हिच्या गुडघ्यापर्यंत) आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत दोन बॉल, सुई-दोरा, आयोडेक्स आणि प्रथमोपचाराचा कापूस. दुकानातला गुंडाळा नाही. घरचा, सरकी काढून पिंजलेला. मी म्हटलं, औषधाच्या दुकानात मिळतो. ती म्हणाली, “यंदा आपल्याकडे कापसाचा तोटा हाय का?”

मॅनेजरांच्या बैठकीत मी तिच्या मागं फाईल घेऊन उभा होतो. एकेक बाई उठून नाव, विषय, पदवी सांगत होती. अर्धं इंग्रजीत. धुरपताबाईची पाळी आली. ती उठली, हात जोडले.

“जयभीम. धुरपताबाई. सामान मेरे पास रहता.”

आणि बसली. दोन मिनिटांनी परत उठून तिनं विचारलं, “प्रॅक्टिस का बॉल कौन देता?” प्रत्येक संघानं आपापला आणायचा, असं उत्तर मिळालं. मागच्या रांगेत कुणीतरी कपाळावर हात मारला. उत्तरेकडच्या एका विद्यापीठाचे बॉल रेल्वेतच राहिले होते.

त्याच संध्याकाळी त्यांची एक खेळाडू आमच्या खोलीच्या दारात आली. आमच्या दाराची चौकट तिला कमी पडत होती. वाकून आत आली. बॉल मिळेल का, सकाळच्या सरावापुरता? अतुल सर म्हणाले, हां हां, क्यों नहीं. धुरपताबाईनं पिशवीतून बॉल काढला आणि मांडीवर ठेवला.

“जूता रखो.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

“दायाँ वाला,” धुरपताबाई म्हणाली.

“बाई!” अतुल सर उठलेच. “देशभर नाव होईन आपलं! म्हणतीन, हे महाराष्ट्रातले लोक पोरीईचे जोडे काढून घेतात!”

“सर, तुमी कोच. सामान माह्याकडे.”

मुलीला मात्र भयंकर मजा वाटली. तिनं मैत्रिणींना हाका मारून बोलावलं, सगळ्यांसमोर उजवा बूट काढला आणि दोन्ही हातांनी, शाल-श्रीफळ द्यावं तसा, धुरपताबाईच्या हातात दिला. तिच्याकडं दुसरा जोड होता, म्हणून चाललं. बूट काय, नाव होती. दहा नंबर असावा. धुरपताबाईनं तो कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला, आणि मला त्या मुलीचं नाव, विद्यापीठ, बॉल क्रमांक चार असं लिहून घ्यायला लावलं.

स्पर्धा बाद पद्धतीची. हरलं की घरी. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा पहिला सामना दक्षिणेतल्या एका संघाशी पडला आणि शेवटचाही तोच असणार, हे पाचव्या मिनिटाला सगळ्यांना कळलं. अतुल सरांचं ध्येय तेवढ्यात बदललं. मधल्या सुटीत ते मला म्हणाले, “चाळीसच्या आत हरलो पाहिजे. चाळीसच्या आत हरलो तं पुढच्या वर्षी मीच कोच.” त्यामुळं चांगल्या पाचजणी ते काढेनात. बबिता बाकावर टोकाला, पाय आत ओढून बसलेली.

बाकावर कोच, मॅनेजर आणि खेळाडूच बसू शकतात. मी मागच्या पायरीवर. तिथून मला धुरपताबाईची पाठ दिसत होती आणि तिचं चालू असलेलं ऐकू येत होतं.

“सर, बबिताले टाका आता.”

“टाकतो बाई.”

पाच मिनिटांनी, “सर, बबिता.”

“बाई, तुमी सह्या केल्या नं? बस झालं तुमचं काम.”

शेवटच्या डावात पाच मिनिटं उरली, मग तीन. अंतर एकोणचाळीस. अतुल सर उभे राहून घड्याळाकडं हात करत होते, जसं काही ते त्यांचंच ऐकणार होतं. मला फुली आठवली. होळीला दोन महिने होते.

धुरपताबाईनं एकवीस वर्षं फक्त चपला मोजल्या, असं आम्ही सगळे समजत होतो. पण ती खिडकीतून खेळही बघत होती. तिला एक गोष्ट माहीत होती, जी अतुल सर विसरले होते. बदली खेळाडू कोच पाठवत नाही. खेळाडूनंच उठून टेबलावर जाऊन सांगायचं असतं. एक मिनिट चाळीस सेकंद उरले असताना शिट्टी वाजली, खेळ थांबला, आणि धुरपताबाईनं बबिताच्या पाठीवर थाप मारली.

“उठ व. टेबलावर जाय.”

बबिता उठेना. तिच्या डोळ्यांत पाणी. मग तिनं डावा पाय पुढं काढला. बुटाचा तळवा पुढून टाचेपर्यंत उघडला होता, नदीवर तोंड उघडून पडलेल्या मगरीसारखा. सराव करतानाच सोल्युशन सुटलं होतं, आणि पोरगी पूर्ण सामनाभर पाय लपवून बसली होती.

“काहून नाई सांगतलं?”

“सर रागावतीन म्हून.”

आमच्या कुठल्याच पोरीचा बूट तिला होणं शक्य नव्हतं. सगळ्या पाच नाहीतर सहा नंबरच्या. तरी ती लंगडत टेबलापाशी गेली. पंचानं तळव्याकडं बघून मान हलवली. अशा बुटानं नाही. अनवाणी तर नाहीच.

धुरपताबाई पिशवीत हात घालून कागद सोडवत होती. मला पायरीवरून तो दहा नंबरचा बूट दिसला आणि मी ओरडलो, “सर, टाइम आउट! टाइम आउट घ्या!”

अतुल सरांनी मागं वळून असं बघितलं, की माझं कंत्राट मला तिथंच संपलेलं दिसलं. पण वळता वळता त्यांना बबिताचा पाय दिसला. ते थांबले. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, जे मी इथं लिहीत नाही, आणि हातांनी टी केला.

एक मिनिट. धुरपताबाई जमिनीवर बसली. बूट डाव्या पायाला चढवायचा आणि बूट उजवा. बबिता म्हणाली, “मावशी, उलटा हाय.”

“मले दिसते.”

“डावा कायले नाई ठेवून घेतला तुमी?”

“एकवीस साल उजवा घेतला, आता तुह्यासाठी डावा घेऊ? पाय दे.”

तिनं पिशवीतून घरचा कापूस ओढून काढला. पुढं कोंबला, बाजूनं कोंबला, जिथं पाय नव्हता तिथं सगळीकडं कापूस, आणि नाडी दोन फेरे घोट्याभोवती मारून गाठ बांधली. बैलाच्या गळ्यात दावं बांधावं तशी. समोरच्या संघाच्या मुली पाणी प्यायच्या थांबून बघत होत्या. त्यांच्या मॅनेजर बाई चष्मा वर करून बघत होत्या. देशभर नाव होणार होतं ते झालं.

बबिता दोन उजवे बूट घालून राष्ट्रीय स्पर्धेत उतरली.

तिनं काय केलं ते विचारू नका. बॉल तिच्या हाताला दोनदा लागला, एकदा तिच्या मर्जीनं. पळताना डावा पाय आत वळायचा, त्यामुळं ती सरळ जायची ते तिरपी जायची, आणि समोरच्या पोरीला ती कुठं निघाली आहे तेच कळेना. शेवटी त्या गोंधळातच ती तिच्यावर जाऊन आदळली. फाऊल. समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. आम्ही हरलो पस्तीस विरुद्ध शहात्तर. एक्केचाळीसनं.

“चाळीसच्या आत होतो,” अतुल सर खुर्चीत बसून म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

मी टेबलापाशी धावलो. गुणलेखकाच्या खांद्यावरून वाकून बघितलं. बाराव्या ओळीत, राठोड बी. आर., पुढं फुली. फाऊलच्या रकान्यात पण एक खूण. ती बबितानं आपल्या खर्चानं जास्तीची मिळवली होती.

हरलेल्या संघानं त्याच दिवशी खोली सोडायची. गाडी पाचची. आणि आमचा चार नंबरचा बॉल त्या उंच पोरींकडं, त्या दुसऱ्या मैदानावर सामन्यात. धुरपताबाई दाराशी गेली. दारावरचा माणूस पास मागू लागला. ती त्याला बूट दाखवू लागली. मी मध्ये.

“मावशी, गाडी!”

“बॉल?”

“पोस्टानं मागवू. मी पत्र लिहितो.”

“तू पत्र लिहितं ते म्या पाह्यलं हाय, बाबू. म्हून तं मी इथीसा उभी हाय.”

तिला अक्षरशः दंडाला धरून ओढत नेलं. झाशीपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली. बूट मांडीवर.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बबिताला पोचवायला आम्ही तांड्यावर गेलो. रूपसिंगनं फडताळातून, घडी घातलेल्या कपड्यांवरून, चप्पल काढून दिली. तुटायला आलेला अंगठा त्यानं नवा शिवून घेतला होता. धुरपताबाईनं चप्पल उलटी करून तळवा पाहिला, मग पायात घातली.

“पोरगी मोजून घ्या,” ती म्हणाली.

रूपसिंग इतका हसला की त्याला ठसका लागला.

होळीचे पाहुणे बबितानंच परत पाठवले. बापाला तिनं गुणपत्रकाची झेरॉक्स दाखवली, फुलीवर बोट ठेवून. पुढच्या वर्षी यवतमाळला भरती झाली, ती धावण्यात आली, कागदांतही आली. प्रमाणपत्र तपासणाऱ्यानं फुली बघितली का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, “त्यानं झेरॉक्सची पिन बी नाई काढली.” आता ती वणीकडं, राजूरच्या चौकीत असते. पहिल्यांदा वर्दीत कॉलेजला आली तेव्हा हौसेनं म्हणाली, मावशी, एक बॉल द्या, दोन टाकून पाहते. धुरपताबाईनं तिच्या पायांतल्या सरकारी बुटांकडं बोट केलं. हवालदार लोकांसमोर वाकून बबिता उजव्या बुटाची नाडी सोडत बसली.

गेल्या जूनमध्ये धुरपताबाई निवृत्त झाली. सामानाचा चार्ज माझ्याकडं. मी अजून कंत्राटीच. नोंदवहीत बॉल सहा. कपाटात पाच आणि एक उजवा बूट, दहा नंबर. तपासणीस म्हणाले, बॉल खारीज दाखवा, बूट टाकून द्या. मी पेनचं टोपण काढलं होतं.

“थांब,” धुरपताबाई स्टुलावरून म्हणाली. “बॉल खारीज केला तं त्याईचा बूट आपल्याकडे फुकटचा झाला. आपुन चोर होतो मंग.”

“मावशी, चार पत्रं पाठवली. हिंदीत. एकाचं उत्तर नाही. ती पोरगी आता कॉलेजात तरी असेल का?”

“पाचवं लिहि.”

मी बूट हातात घेतला. आत, पुढच्या टोकाला, अजून तो कापूस होता. घामानं पिवळा पडलेला, पायाच्या आकारात दबलेला. निदान साफ तरी करावा म्हणून मी बोट घालून तो ओढायला लागलो.

“राहू दे. तो आपला हाय,” ती म्हणाली. “बूट परत देशीन तवा काढून घेजो.”

पाचवं पत्र मी लिहिलं आहे. पोस्टातही टाकलं आहे. पावती तिनं ठेवून घेतली.